डॉक्टरांच्या फटफटीच्या पेट्या

"मेस्त्री, जरा ढिली नको का?" डॉक्टर परुळेकरांनी पेटीवर हात ठेवून विचारलं.

गणपत मेस्त्री हसले. "ढिला काम माझ्या हातान जावचा नाय, डॉक्टरानू. ओढून तर बघा!"

डॉक्टरांनी खटका वर केला आणि मूठ धरून ओढलं. फणसाच्या लाकडाची पेटी लोखंडी चौकटीतून सरकत बाहेर आली. परत ढकलली, तशी खट्ट करून बसली. पेटीत आणि चौकटीत नखाएवढी फट नव्हती.

चाळीस वर्षं मेस्त्रींनी मालवणच्या किनाऱ्यावर होड्या बांधल्या. फटफटीच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पेट्या बसवायचं काम म्हाताऱ्याकडे पहिल्यांदाच आलं, आणि गडी खुळावला. डॉक्टरांची अडचण साधी होती. फटफटी तारकर्लीपर्यंत जायची. पुढे देवबागेत जायचं तर खाडीतून होडीनं. तिथं सामान उचलून घेता यावं, म्हणून सुटणाऱ्या दोन पेट्या हव्या होत्या. एकीत बाळंतपणाची औषधं, दुसरीत मलमपट्टी. दार आत, चाकाच्या बाजूला ठेवायची युक्ती मात्र खास मेस्त्रींची. पेटी बाहेर काढल्याशिवाय दार उघडायचंच नाही; वाटेत कुणी हात घालायला नको, की खड्ड्यात आदळून काही सांडायला नको.

यात मेस्त्रींचा स्वार्थही होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. एकुलती एक तुळसा देवबागेत दिलेली, तिला सातवा महिना. बायको जाऊन चार वर्षं झालेली. लेकीला बाळंतपणाला माहेरी आणायची तर घरात बाईमाणूस नाही.

"आषाढात चेडू बाळंत होतला," ते पेटीवर थाप मारून म्हणाले, "तेवा हीच पेटी उपयोगाक पडतली."

आषाढात पाऊस असा लागला की पंधरा दिवस सूर्य दिसला नाही. खाडीपलीकडून डॉक्टरांना बोलावणंही आलं नाही. पेट्या भरलेल्या, तशाच फटफटीला. आणि एका दुपारी मेस्त्रींचा जावई लवू सायकल टाकून त्यांच्या कामाच्या छपरात, मांगरात शिरला.

"मामानू, झील झालो, तुमका नातू झालो. पण तुळसाचा रगात थांबना नाय!"

डॉक्टरांनी जेवत्या पानावरून उठून फटफटी काढली. मागे मेस्त्री बसले. चिखल उडवत तारकर्लीच्या खाडीवर पोचले, तर होडीवाला विठोबा होडी लावून तयार. डॉक्टरांनी बाळंतपणाच्या पेटीचा खटका वर करून मूठ ओढली.

पेटी हलली नाही.

"सरा तुमी," म्हणत मेस्त्री पुढे झाले. चाकाला पाय लावून त्यांनी ओढ ओढ ओढलं. मग फळीवरून हात फिरवला. फळी पाणी पिऊन टच्च फुगली होती. पाण्यात पडलेली होडी अशी फुगली की फटी बुजतात, म्हणून तर मेस्त्री जन्मभर फळीला फळी घट्ट भिडवत आले. हात तेच, सवय तीच. फुगायला जागा ठेवावी लागते, हे त्या शहाण्या हातांना सुचलंच नाही.

"दार?" डॉक्टर ओरडले.

"आतसून," मेस्त्री कसेबसे म्हणाले.

विठोबानं होडीचा लोखंडी नांगर आणला. मेस्त्रींनीच तो उचलून घातला. सांधा न् सांधा राळ भरून पक्का केलेला. घाव बसला की फळी दबायची, पण चिरायची नाही.

"फूट गो! फूट माझे आये!" म्हातारा रडत रडत घाव घालत होता. आपल्याच कामाला असे शिव्याशाप देणारा सुतार विठोबानं पाहिला नव्हता.

फळी फुटली तोवर अर्धा तास गेला. आतल्या पाच कुप्यांपैकी तीन फुटल्या होत्या. उरलेल्या दोन खिशात घालून डॉक्टर होडीत बसले. शेजारी मेस्त्री नुसते वल्ह्याकडे बघत होते.

देवबागेत सुईण हौसाबाई पडवीत बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. त्यांना बघून ती उठली नाही.

"आताच गेला चेडू, मेस्त्री," ती म्हणाली. "बाबा इलो काय, म्हणून इचारी होता."

श्रावणात आठ दिवस कडक उघडीप पडली. डॉक्टर फटफटी घेऊन मांगरात आले. एका बाजूला मोकळी चौकट, दुसऱ्या बाजूला शाबूत पेटी.

"मेस्त्री, तिच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं. औषध आधी मिळालं असतं तरी..." डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही. "ही दुसरी पेटी काढायची, म्हणून आलो."

मेस्त्री करवत आणि हातोडा घेऊन फटफटीजवळ बसले. खटका वर केला. चाकाला पाय लावला आणि दोन्ही हातांनी मूठ धरली.

उन्हानं सुकलेली पेटी अलगद बाहेर आली.

त्यांनी ती परत आत ढकलली. खट्ट करून बसली. परत ओढली. परत आली.

"मेस्त्री, पुरे," डॉक्टर म्हणाले.

मेस्त्रींनी पेटी पुन्हा आत ढकलली.