शेवटच्या खिडकीची सावली

“खरी दिसते का गं?” एर्सीलियानं परांचीवरून खाली वाकून विचारलं.

चौकात उभ्या असलेल्या देल्फीनानं मान वर केली. समुद्राकडच्या सलग दगडी भिंतीवर आईनं आणखी एक खिडकी रंगवली होती. हिरव्या झडपा, आत अर्धवट ओढलेला पडदा. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरच्या या डोंगरउताराच्या गावात जितक्या खिडक्या उघडतात, जवळजवळ तितक्याच नुसत्या रंगवलेल्या; आणि त्या बहुतेक एर्सीलियाच्या हातच्या.

“खोटं ते खोटंच,” देल्फीनानं लहानपणापासूनचं उत्तर दिलं. “खाली ये, जेवण गार होतंय.”

“जेनोव्हात मास्तरीण झालीस, तरी जीभ तीच! झडपांची सावली उद्या घालते.”

त्या रात्री झोपेतच एर्सीलिया गेली.

दफन झालं त्याच आठवड्यात ब्रेगांते दारात आला. त्याच घराचे खालचे मजले घेऊन त्यानं हॉटेल काढलं होतं. वरचा मजला मायलेकींचा, बाहेरची भिंत सगळ्यांच्या सामाईक मालकीची.

“फार वाईट झालं, पोरी. पण ही एक सावली तरी सकाळच्या उन्हाची घालू. जेनोव्हाहून रंगारी बोलावलाय.”

रंगवलेली सावली दिवसातून एकाच वेळी सूर्याशी जुळते. एर्सीलियानं सगळ्या सावल्या संध्याकाळच्या घातल्या होत्या, ऑलिव्हच्या मळ्यांतून माणसं घरी उतरतात तेव्हाच्या. प्रवाशांच्या बोटी मात्र सकाळी येत आणि दुपारीच परतत.

“लोक फोटो काढतात नि हसतात. ऊन एकीकडून, सावली भलतीकडे!”

“मग त्यांना संध्याकाळपर्यंत थांबवा, सिन्योर. खोल्या तुमच्याच आहेत ना?”

“मेलेल्या बाईच्या वेळेवर माझा धंदा चालायचा नाही.”

“तिची नाही, गावाची वेळ आहे ती.”

दुसऱ्या दिवशी रंगारी यायच्या आत देल्फीना परांचीवर चढली आणि संध्याकाळचीच सावली घालू लागली. सावलीचा रंग लहानपणी तीच आईला ढवळून द्यायची. कुंचला मात्र कधी धरला नव्हता. एक कड वाकडी गेली. तिनं ती तशीच ठेवली. खाली धक्क्याला बोट लागली होती, फोटोसाठी प्रवाशांचे मोबाइल वर झाले होते.

“खाली उतर!” ब्रेगांते ओरडला. “आईसारखीच हट्टी आहेस!”

“उशिरा कळलं तुम्हाला.”

रंगारी आला, वर बघत त्यानं सिगारेट पेटवली. “चुन्याचा रंग आहे, सिन्योर. वाळला की पुसता येत नाही. खरवडायचा तर भिंतीत वाटा असलेल्या या बाईंची सही आणा.”

“आणा की,” वरून देल्फीना म्हणाली. “मी इथंच आहे.”

बोटी दुपारीच गेल्या. संध्याकाळी बायकांनी चौकात खुर्च्या मांडल्या. सूर्य भूशिरावर टेकला. पन्हाळीची खरी सावली आणि झडपांची रंगवलेली सावली एकाच बाजूला झुकल्या. ब्रेगांतेसुद्धा दारात येऊन उभा राहिला.

“एक कड वाकडी झालीय हं,” शेजारची पालमीरा म्हणाली.

“असू दे.”

देल्फीनानं रिकाम्या परांचीकडे पाहिलं, आणि चौकातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

“खरी दिसते, आई. लहानपणापासून दिसते.”