हात बसला तो पांढरी पाचवर

सत्त्याण्णव साली माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, मांडी घालून बसणं कायमचं बंद. आता मांडीशिवाय पेटी वाजवायची कशी, ते नाही सांगितलं! मखमलाबादच्या आमच्या महिला भजनी मंडळात पेटी माझी. दिवसभर मळ्यात झेंडू खुडायचा आणि संध्याकाळी पेटीपुढे बसलं की शीण कुठल्या कुठे जायचा. पेटी टेबलावर ठेवून पाहिली, तर भाता मारताना टेबलच डुगडुगायचं. मंडळ चालवणाऱ्या रंगूबाई लगेच म्हणाल्या, "छाये, तू आराम कर. आमची लंका शिकलीय की पेटी." लंका म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. आराम म्हणे! हातपाय असून मला अडगळीत टाकल्यासारखं वाटलं.

पंचवटीतले शरच्चंद्र सर पूर्वी ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचे. की-बोर्ड आले आणि त्यांचं वाद्य घरी पडून राहिलं. तेही पेटीसारखंच, फक्त गळ्यात घालून उभ्यानं वाजवायचं, असं ऐकलं आणि मी तडक त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

पहिल्याच दिवशी मी ते मांडीवर आडवं पाडलं आणि डाव्या हातानं भाता मारायला लागले. सरांनी कपाळाला हात लावला.

"छायाबाई, अहो ही पेटी नाही! उभं धरा. पट्टे आवळा. डावा हात या पट्ट्याखाली घाला, आणि ओढायचं, हापसायचं नाही."

उजव्या हाताच्या पट्ट्या हनुवटीखाली उभ्या. डावीकडे नुसती बटणंच बटणं, आणि ती दिसत नाहीत. त्यातल्या एका बटणाला बारीकसा खळगा, तेवढीच खूण. खळगा सापडला की त्याच्या वरचं बटण आपलं, आणि उजवा अंगठा पांढरी पाचवर, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर. मी मान वाकडी करून पट्ट्या बघायचे, मग सरांनी त्यांच्यावर टॉवेलच टाकला.

"पण सर, आमचं भजन काळी पाचमध्ये असतं. याच्यापेक्षा वर."

"काळी पाच नंतर. आधी हात बसू द्या."

जित्याची खोड! डावा हात सारखा पेटीसारखा हापसायचा आणि वाद्य खोकल्याची उबळ आल्यागत करायचं. पण हळूहळू बोटं आपापल्या जागी जायला लागली. झोपेतून उठवलं असतं, तरी अंगठा पांढरी पाचवर गेला असता.

तेवढ्यात रंगूबाईंनी निरोप धाडला. एकादशीला तुझं ते वाद्य घेऊन ये, जमलं तर ठीक, नाहीतर यापुढे लंकाच. सर म्हणाले, अजून दोन महिने थांबा. मी कसली थांबतेय! सरांकडून वाद्य मागून घरी नेलं आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहून, पट्ट्या बघत बघत काळी पाच घोटली.

एकादशीला देवळात खांबापाशी उभी राहिले. समोर सगळ्या बायका टाळ घेऊन बसलेल्या. लंका पेटी पुढ्यात घेऊन, झाकण लावून तयारच. मी भाता ओढला, सूर दिला, बायकांनी उचलला. दुसऱ्या ओळीला माझ्या तोंडचं पाणी पळालं. देवळात आरसा कुठला? हात आपला जाऊन बसला होता पांढरी पाचवर!

आमच्यात सुरू झालेला अभंग मध्येच तोडत नाहीत. रंगूबाई माझ्याकडे असं बघत होत्या, की नजरेनंच पट्टे कापतील. त्यांचा आवाज वरच्या सुरात लखलखणारा. आज तो खालीच घुमत होता. आणि मग त्यांच्या मागून एक जाड, खरखरीत आवाज आला. आमच्या सगळ्यांत थोरल्या सगुणाबाई गात होत्या. एरवी त्या टाळ वाजवायच्या, तोंड हलवायच्या, पण त्यांचा आवाज मी तरी कधी ऐकला नव्हता. अंतऱ्याला, जिथं रंगूबाई एकट्या पुरायच्या, तिथं आज सगळ्या पोहोचल्या.

अभंग संपला.

"सूर चुकला तुझा," रंगूबाई म्हणाल्या. "लंके, उघड पेटी."

चूक माझीच होती. मी पट्टा सोडवायला लागले.

सगुणाबाईंनी टाळ खाली ठेवले. "पेटी उघडायची नाय. रंगू, तुझ्या काळी पाचपायी मी किती वर्षं नुसतं तोंड हलवते, तुला ठावं हाय का? आज गायले मी. छाये, पुढचाबी याच सुरात धर."

"माझा पण गळा पोचत नाय तिथं," मागून कुणी तरी म्हणालं. मग दोघी-तिघी बोलल्या. लंकानंसुद्धा खाली बघत मान हलवली.

रंगूबाईंनी पदर सारखा केला, टाळ उचलले. मग म्हणाल्या, "धर."

मी पट्टा पुन्हा आवळला. रडू आवरेना. दोन्ही हात जागेवर बसलेले, डोळे पुसायचे तरी कशानं? तसाच सूर दिला.