वाढणारं सोनं

"सासऱ्यांकडे लक्ष ठेव गं. रोज पैशांवरून कुरकुरणारा माणूस एकदम खूश दिसायला लागला, की काहीतरी शिजतंय समजावं," शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या होत्या. तेव्हा लेक तापाने फणफणली होती. घरात एक तरी माणूस खूश आहे, असं म्हणून मी विषय झटकला.

मग एका रविवारी सकाळी सासरे, म्हणजे अण्णा, मला सोन्याच्या एका सभेला घेऊन गेले. हॉल गच्च भरलेला, आणि बहुतेक सगळे निवृत्त. कुणी टायपिस्ट, कुणी तिकीट तपासनीस. समोर झालर लावलेलं टेबल, त्यावर वजनकाटा, आणि मागे सोन्याची बिस्किटं विकणारे, स्वतःला सुवर्णगुरू म्हणवणारे एक गृहस्थ.

"बँकेतला पैसा म्हणजे बर्फ. तुम्ही झोपलात की वितळला. सोनं जिवंत असतं. माया लावली की अंग धरतं."

त्यांनी एका टायपिस्टबाईंचं बिस्कीट काट्यावर ठेवलं आणि डोळे मिटले. आकडे हळूहळू चढायला लागले. लोक माना उंचावून बघू लागले. खरं सांगते, माझ्याही अंगावर शहारा आला.

"घरी वजन करू नका, नजर लागते. लोखंडाजवळ ठेवू नका, सोनं रुसतं."

"सोनं आहे की नवी सून?" मी पुटपुटले.

"गप्प बस. शिकलेल्यांचं हेच असतं," अण्णा म्हणाले.

घरी येताना त्यांनी सांगितलं, निवृत्तीचा निम्मा फंड गुरूंच्या बिस्किटांत गेलाय, उरलेला उद्या जाणार. सासूबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन त्याच फंडातून व्हायचं होतं.

"तोवर दुप्पट होईल," ते म्हणाले. नवऱ्याने हात जोडले, मी रडले. अण्णा ढिम्म.

दुपारी ते पलंगावर बिस्किटं पुसत बसले होते. लेक शेजारी मासे पकडायचा खेळ खेळत होती. पुठ्ठ्याचे मासे, त्यांना टाचण्या, काठीच्या दोऱ्याला चुंबक. तिने गळ भलतीकडेच टाकला.

"आजोबा, मोठ्ठा मासा लागला."

चुंबक बिस्किटाला घट्ट चिकटला होता.

अण्णांचा जन्म पंप दुरुस्त करण्यात गेला. सोन्याला चुंबक चिकटत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी कानस आणली, कोपरा घासला. आतून करडं लोखंड निघालं. मी स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा वजनकाटा आणून त्यावर बिस्कीट ठेवलं. सांगितलेल्या वजनाच्या निम्मंही भरेना. मग अण्णांनी जुन्या स्पीकरचा चुंबक काट्याच्या खाली धरला आणि हळूहळू वर नेला. आकडे चढायला लागले.

"टेबलाखाली चुंबक पायाने वर करत असणार. म्हणून ती झालर," ते शांतपणे म्हणाले. उठले, न्हाणीघरात गेले आणि आतून कडी लावली.

नळ वाहत राहिला. मी दार ठोठावलं.

"अण्णा, उघडा."

"चाळीस वर्षं लोखंड हाताळलं आणि लोखंडच ओळखलं नाही. कुठल्या तोंडाने उघडू?"

"निम्मा फंड अजून आहे. आईंना तुम्ही लागाल."

मी लेकीला मांडीवर घेऊन फरशीवर बसले. जे सुचेल ते बोलत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी कडी वाजली.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली. गुरू पसार झाला. ऑपरेशन लांबलंय. टायपिस्टबाई मात्र तक्रार द्यायला तयार नाहीत. लोक हसतील म्हणतात. अशा लोकांचा धंदा लोभापेक्षा या लाजेवरच जास्त चालतो.

सोनं वाढत नाही. कुणाच्या ओंजळीत नाही, कुणाच्या मंत्राने नाही. चुंबक चिकटला नाही म्हणून ते खरंच असतं, असंही नाही. बाहेर, विकणाऱ्याची ओळख नसलेल्या दुकानात तपासून घ्या. पण त्याआधी एक करा. तुमच्या ओळखीचं कुणी निवृत्त माणूस हल्ली गप्प झालं असेल, तर आजच त्यांच्याकडे जा. हसू नका, रागावू नका. आणि त्यांनी दार उघडलं नाही, तर परत फिरू नका.