सातव्या सेन्सरचा रकाना

मुलुंडच्या त्या शेडमध्ये रस्त्याला मुद्दाम म्हातारं करत. बारा मीटरचा डांबरी पट्टा आणि त्यावर ट्रकचं एकच भारी चाक, पुढे-मागे, पुढे-मागे. वीस वर्षांची झीज आठ महिन्यांत. डांबराखाली दहा सेन्सर पुरलेले. चाक गेलं की रस्ता किती ताणला गेला ते सांगायचे. ते आकडे गोळा करून जपून ठेवणं हे शीतलचं काम, आणि कामात ती भलतीच चोख. म्हणून तर ही फजिती.

मार्चमध्ये सातवा सेन्सर मेला. पुरलेला सेन्सर बदलता येत नाही; डांबर फोडलं की चाचणीच संपली. त्यात सॉफ्टवेअर असं हट्टी, की एक रकाना रिकामा दिसला तर दिवसाची अख्खी फाइल नाकारायचं. शीतलने आठव्याचे आकडे सातव्यात चिकटवले. तात्पुरते. बाजूला तशी नोंद करायची होती, ती उद्यावर गेली, आणि उद्या काय, रोजच असतो.

मग अहवाल निघाला: दोन शेजारच्या जागी ताण सारखाच, तेव्हा हे डांबराचं मिश्रण भरवशाचं. आता तेच मिश्रण उपनगरांतल्या रस्त्यांवर पडणार होतं. साक्षीदार दोन नव्हते, एकच होता, आणि हे शीतलला ठाऊक होतं.

चाचणी संपली, आणि आज कामगार भीमराज ब्रेकर घेऊन पट्टा फोडायला आला. पट्टा शाबूत आहे तोवर सातव्याच्या जागी कापून खाली तडा आहे का ते बघता येईल. फोडल्यावर नुसता ढिगारा. बोलावं तर नोकरी जाते, सगळ्यांची आठ महिन्यांची मेहनत पाण्यात. न बोलावं तर? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शेवटी ती चाचणीचे प्रमुख अनिरुद्ध सरांच्या केबिनमध्ये शिरली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. "सर, भीमराजदादांना थांबवा. एक तुकडा कापून बघू या."

सरांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. "शीतल, दोन सेन्सर तिसऱ्या दशांशापर्यंत रोज सारखे येतात का गं? मला एप्रिलमध्येच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"अहवालावर सही माझी आहे ना. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू पण गप्प राहा."

तिला वाटलं होतं, इथे तरी छातीवरचं ओझं उतरेल. सरांची तिला किळस आली, आणि त्याच क्षणी स्वतःचीही.

बाहेर ब्रेकर धडधडू लागला. ती धावत सुटली, हात हलवत. भीमराजने ब्रेकर बंद केला. डांबराचा एक कोपराच काय तो उडाला होता.

"काय झालं, ताई?"

शीतलने मागे पाहिलं. सर केबिनच्या दारात हाताची घडी घालून उभे होते. चार-पाच सहकारी काम सोडून तिच्याकडे बघत होते. तिने तोंड उघडलं.

"काही नाही, दादा," ती म्हणाली. "चालू द्या."