मनकर्णाच्या चहातली गोळी

तानबा भोळा होता असं हिंगणीत कोणी म्हणणार नाही. बैलांच्या बाजारात त्याला कोणी टोपी घालू शकलं नव्हतं. पण बायकोचं कण्हणं ऐकलं की या माणसाची अक्कल चुलीत जायची, त्याला काय करता?

मनकर्णाबाईला आमवात. बरीच वर्षं ती स्टेरॉईडच्या पांढऱ्या गोळीवर उभी होती. गोळीनं दुखणं दाबलं, पण हाडं पोखरली. साधी बादली उचलताना पाठीचा मणका बसला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नवीन औषध सुरू केलं आणि बजावलं, "ही गोळी हळूहळू कमी करत बंद करायची. दुखेल, सोसा. पण मधेच एकदम तोडायची नाही, जिवावर बेतेल."

"सोडूनच दाखवीन," मनकर्णाबाई म्हणाली.

गोळी अर्ध्यावर आली तशी तिला सकाळी उठवेना. हात डोक्यापर्यंत जाईना. तानबा तिची वेणी घालायचा, चहा करायचा आणि तिचं "अवं माय वं" ऐकत अंगणात बसायचा. एक दिवस तिला संडासातून उठता येईना. तिथंच बसून ती रडली. मणका बसला तेव्हाही ही बाई रडली नव्हती.

तानबा तडक सेलूला गेला. मेडिकलात जुनी रिकामी पट्टी दाखवून गोळ्या घेऊन आला. दुसऱ्या दिवसापासून मनकर्णाबाई आपली अर्धी गोळी हातानं घ्यायची, आणि उरलेली अर्धी चहातून पोटात जायची.

"आज चहा कडू लागून राह्यला जी."

"अद्रक जास्त पडलं," तानबा म्हणाला.

चार दिवसांत बाई हिंडूफिरू लागली. नवीन औषध मानवलं म्हणून सगळे खूश. डॉक्टरीणबाईंनी गोळी आणखी कमी केली, मग बंदच केली. तेवढीच तानबानं चहात वाढवली. मनकर्णाबाई शेजारच्या बायांना ऐटीत सांगायची, "गोळी सोडली म्या. दाताखाली ओठ दाबून काढले ते दिवस." तानबा रोज ठरवायचा, आज सांगतोच. तिचं फुललेलं तोंड पाहिलं की तो पुन्हा चहात गोळी विरघळवायचा.

असे दोन महिने गेले आणि आर्वीकडे त्याची बहीण वारली. तेरवी होईपर्यंत राहणं भाग होतं. आईजवळ लेक सुरभी आली. आता चहा तीच करणार. तानबानं गोळ्यांची पट्टी हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. लेकीला सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. "इतकी बरी हाय, चार दिवसानं का होते?" असं स्वतःलाच समजावून लेकाचा बसमध्ये जाऊन बसला!

तिसऱ्या दिवशी सुरभीचा फोन. "बाबा, आई उलट्या करून राह्यली, डोळे उघडत नाई. दवाखान्यात आणलं."

तो पोचला तेव्हा मनकर्णाबाईचं प्रेशर पार तळाला गेलं होतं. डॉक्टरीणबाई सुरभीला विचारत होत्या, "गोळी बंद होऊन दोन महिने झाले ना? नक्की?"

"नक्की," सुरभी म्हणाली.

तानबा पुढं झाला. "नाई जी. मी जायच्या दिवशीपर्यंत चालू होती. मी चहातून देत होतो."

 डॉक्टरीणबाईंनी नर्सला इंजेक्शनसाठी हाक मारली. सुरभीनं बापाकडे पाहिलंही नाही.

बाई वाचली. पण गोळी पुन्हा पूर्ण सुरू झाली. कमी करणं आता पहिल्यापासून. हे कळलं तशी ती हमसून हमसून रडली. "माह्यं आंगच नासकं. इतकं सोसून सोडली, तरी हरली मी."

"तू नाई हरली वं," तानबा म्हणाला, आणि पलंगाचा दांडा धरून त्यानं सगळं सांगितलं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. 

"म्हंजे मी बरी झालीच नव्हती," ती म्हणाली. "मी बायाईले सांगत होती, अन् तुमी बाजूले बसून आयकत होते?"

"तुले खुश पाहून..."

"सुरभी," मनकर्णाबाईनं लेकीला हाक मारली. "औषधपाणी आता तूच देजो. याईच्या हातचं पाणी बी नोको मले."