नव्वद वेढे जास्त

मी शिंपी. बायकोची फुफ्फुसं अधू झाल्यापासून तिला ऑक्सिजनचं मशीन लागतं. दुपारी वीज गेली की ते इन्व्हर्टरवर चालायचं. त्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि तसा दुसरा लवकर मिळणार नाही असं दुकानदारानं कळवलं. शेजाऱ्यांनी धावपळ करून एक सिलिंडर आणला, पण तो किती पुरणार?

भाचीला फोन केला. ती मोटारी रिवाइंड करते. हातातलं काम टाकून, तांब्याची तार घेऊन आली. आतलं लोखंड धड होतं, फक्त तार जळलेली. मी टेप पुढे केली, तर म्हणाली, "मामा, हे ब्लाउजचं माप नाही," आणि स्वतःची पट्टी काढून लोखंडाचा मधला खांब मोजला.

एवढ्या लोखंडाला व्होल्टमागे दोन वेढे, असा तिचा हिशेब निघाला. घराकडच्या बाजूला दोनशे तीस व्होल्ट, म्हणजे बारीक तारेचे चारशे साठ वेढे. त्यावर बॅटरीची जाड तार, बारा व्होल्टचे चोवीस, असे दोन भाग. मोजणीला तिची मामी, म्हणजे माझी बायकोच बसली. दर दहा वेढ्यांना ती वाटीत शर्टाचं एक बटण टाकायची. मध्येच मी चहाचं विचारलं, तर दोघींनी असं पाहिलं की मी मुकाट्यानं कात्री धार लावायला घेतली.

ट्रान्सफॉर्मर इन्व्हर्टरमध्ये बसवून आधी दिवा लावून पाहिला, तो झकास लागला. मशीन जोडलं आणि मीटर दोनशेच्या खाली आला. मशीन किंचाळू लागलं. भाचीनं पटकन ते घरच्या विजेवर घेतलं. मामीचा चेहरा उतरला होता. भाची मात्र बॅटरीच्या टोकांवर मीटर लावून बघत होती.

"बारा धरले तिथंच चुकलं," ती म्हणाली. "ओझं आलं की बॅटरी अकरावर येते, वाटेत आणखी एक गळतो. दहाच धरायला हवेत. बारीक तारेचे नव्वद वेढे वाढवते."

बॅटरी भरलेली असताना मग जास्त नाही का होणार, असं मी विचारलं.

"जास्त झाले तर सर्किट आवरतं, मामा. कमी पडले तर ते आणणार कुठून?"

जाड तार उकलून तिनं सगळं पुन्हा केलं. जागा जेमतेम उरली होती. तार बसवताना तिची बोटं लाल झाली. मामीनं ती हातात घेऊन चोळून दिली. या वेळी मशीन जोडल्यावर काटा हलला, सावरला आणि जागेवर राहिला.

पुढच्याच दुपारी वीज गेली. मशीन आपलं चालूच. मी भाचीला फोन लावला. तिनं आधी ट्रान्सफॉर्मर तापतोय का ते विचारलं. हात लावून कोमट आहे म्हणालो. मी आभार मानू लागलो. मामीनं माझ्या हातातून फोन घेतला.

"पोरी, इथं वीज गेलीय," ती म्हणाली, "आणि मी तुझ्याशी निवांत बोलतेय."

मग त्या दोघी बराच वेळ बोलत राहिल्या.