ज्वालामुखी बघायला निघालेला बूट

मी बूट बोलतोय. उजव्या पायाचा. डावा इथे शेजारीच लटकतोय, पण बोलायचं काम आमच्यात पहिल्यापासून माझ्याकडे आहे.

माझा जन्म तमिळनाडूतल्या अंबूरचा. घोट्याच्या वर येणारं तपकिरी कातडं, लाल नाड्या, तळाला खोल खाचा. कारखान्यातल्या एका बाईनं माझी जीभ ओढून बघितली, तळ वाकवून बघितला आणि आत शिक्का मारला. आपण डोंगरासाठी आहोत हे मला तेव्हाच कळलं. कुठला डोंगर ते मात्र चिंचवडच्या दुकानात कळलं.

अबोली दुकानात आली तेव्हा तिच्या पोटाशी झोळीत दीड वर्षाची लेक सलोनी झोपलेली होती. मला पायात घालून ती अर्धा तास दुकानभर फिरली.

"कुठं ट्रेक, मॅडम? हरिश्चंद्रगड?" दुकानदारानं विचारलं.

"नाही. ज्वालामुखी. राखेवर घसरणार नाही ना हा?"

"आजवर तशी तक्रार आलेली नाही, मॅडम."

ती हसली, पण तरी तिनं आणखी आठ प्रश्न विचारले. मग मला घेतलं, आणि घरी गेल्यावर 'आपण चूक तर केली नाही ना' असं तासभर स्वतःशीच बोलत बसली. हा तिचा स्वभावच आहे. भाजीत मीठ घातलं तरी ती स्वतःला विचारते, घातलं ना मी?

रहाटणीतल्या अकरा मजली सोसायटीत तिचं घर. दाराशी चपलांचा स्टँड, त्यात मला जागा मिळाली. शेजारी तिचे कंपनीत घालायचे सेफ्टी शूज. त्यांच्या पोटात लोखंड, त्यामुळे ते जरा ताठ. मला म्हणाले, "पर्यटक दिसतोस."

बेत ठरला होता चाकणच्या बसमध्ये. अबोली आणि यास्मिन दोघी एकाच कंपनीत, गाड्यांचे सुटे भाग तपासणाऱ्या क्वालिटी विभागात. सहा वर्षं एकाच बसच्या एकाच सीटवर. शाळेत भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर ज्वालामुखीचं चित्र काढलं तेव्हापासून अबोलीला तो खरा बघायचा होता. तिचं बाळंतपण झालं तेव्हा यास्मिननं भेट म्हणून झबलं आणलं नाही, नकाशा आणला. इंडोनेशियातलं एक बेट आणि त्यावर वरचेवर धुमसणारा एक डोंगर. नाव इबू.

"तिकडच्या भाषेत इबू म्हणजे काय माहितीये?" यास्मिन म्हणाली. "आई."

"बघ ना," अबोली म्हणाली, "आई असून केव्हाही फुटते, आणि लोक कौतुकानं बघायला जातात. मी एकदा आवाज चढवला तर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो."

मे महिन्यात कंपनी आठवडाभर लाईन बंद ठेवून मशिनांची देखभाल करते. त्याला सगळे शटडाऊन म्हणतात. चाकणच्या लोकांची लग्नं, बारशी, सहली सगळं त्या आठवड्याच्या मापानं कापलेलं असतं. यांचा बेतही तसाच. तोवर सलोनी पावणेदोन वर्षांची होणार होती. सात दिवस ती बाबाकडे, शार्दूलकडे राहील आणि या दोघी वाटाड्याबरोबर, ठरलेल्या सुरक्षित अंतरावरून, डोंगर बघून येतील.

मग माझे चांगले दिवस आले. नवा बूट पायाला रुळायला वेळ लागतो, म्हणून अबोली मला घालून जिने चढायची. बसमध्येही मीच असायचो, आणि कंपनीच्या गेटवर मला काढून सेफ्टी शूज घालायची. वॉचमन रोज विचारायचा, "आज कुठला गड, मॅडम?" रविवारी सकाळी आम्ही घोरावडेश्वरच्या डोंगरावर जायचो. यास्मिन पुढे, आम्ही मागे. दर दहा पायऱ्यांना अबोलीचा फोन.

"शार्दूल, खाल्लं का तिनं?"

"खाल्लं."

"किती?"

"वाटीभर."

"कुठली वाटी?"

वर यास्मिन खडकावर बसून ओरडायची, "अगं ए, ज्वालामुखी विझेल तोपर्यंत!"

तळव्याखाली दगड, मुरूम, वाळलेलं गवत. त्या तीन महिन्यांत माझ्या कातड्याला अबोलीच्या पायाचा आकार आला. तिच्या करंगळीजवळचा फुगवटा आजही माझ्यात आहे.

शटडाऊनला तीन आठवडे उरले तेव्हाची गोष्ट. रविवारची दुपार, सलोनी झोपलेली. अबोलीनं मला पायात घातलं आणि जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली. मी टेबलाखाली होतो, पण ती पुटपुटत लिहिते, त्यामुळे सगळं ऐकू आलं. कंपनीत नवं काम सुरू करण्याआधी धोक्यांची एक शीट भरतात, ती तिनं या सहलीसाठी भरायला घेतली होती. काय बिघडू शकतं? बिघडलं तर किती वाईट? किती वेळा बिघडेल? आणि आधी कळेल का? शेवटच्या तीन प्रश्नांना दहापैकी आकडा द्यायचा, आधी कळणार असेल तर लहान, आणि तिन्हींचा गुणाकार करायचा. शंभराच्या वर गेलं की ओळ लाल, लाईन सुरू करायची नाही.

"ज्वालामुखी फुटणे," ती पुटपुटली. "वाईट किती, दहा. किती वेळा... त्यासाठीच तर चाललोय, दहा. आधी कळेल का, समोरच बसणार, एक. शंभर." ज्वालामुखी काठावर पास झाला.

"सलोनीला ताप येणे. वाईट, आठ. शक्यता, सहा. आधी कळेल का..." इथे ती थांबली. "शार्दूलला कपाळाला हात लावून कळत नाही. चार." गुणाकार एकशे ब्याण्णव. लाल.

मग तिचा हात थांबेना. सलोनी पलंगावरून पडणे. सलोनी आईला विसरणे. सलोनी आईला न विसरणे. सगळं लाल. सव्वाचारला सलोनी उठून रडली तेव्हा चोवीस ओळी झाल्या होत्या, आणि हिरवा फक्त ज्वालामुखी होता.

सोमवारी बसमध्ये तिनं यास्मिनला सांगितलं, मी येत नाही. लॅपटॉप उघडून शीटही दाखवली.

यास्मिननं ती सावकाश वाचली. "कुणी भरली?"

"मी."

"एकटीनं?"

"मग काय सोसायटीची मीटिंग बोलवू?"

"अबोली, कंपनीत कुणी एकट्यानं बसून भरलेली शीट आणली तर तू काय करतेस? सही करतेस?"

अबोलीनं लॅपटॉप अर्धा मिटला.

"लाल पेननं 'टीम कुठे आहे?' लिहून परत पाठवतेस. माझी दोनदा पाठवलीयस. यात शार्दूल कुठाय? मी कुठाय? कपाळाला हात लावून कळत नाही म्हणे! थर्मामीटर असतो घरात, यार. विचारलंस त्याला?"

"त्याला काय विचारायचं? तो म्हणणार, जा."

"मग?"

बस गेटशी थांबली. अबोलीनं वाकून माझ्या नाड्या सोडल्या. साधी सुरगाठ सोडायला तिला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

संध्याकाळी दारातच तिनं शार्दूलला सांगितलं. तो सलोनीचे धुतलेले कपडे घडी घालत होता.

"माझी सुट्टी मंजूर झालीये," तो म्हणाला. "कामावरच्या दिग्विजयबरोबर शिफ्ट बदलून घेतली."

"राहू दे. तुला त्रास नको."

"त्रास? अबोली, मला जमणार नाही असं वाटतं तुला?"

"तसं नाही रे."

"मग कसं? एकदा विचारायचंस तरी मला." हातातल्या इवल्या झबल्याची घडी त्यानं मोडली आणि पुन्हा घातली. "बरं. तुझं ठरलंय ना."

यास्मिन एकटी गेली.

शटडाऊनच्या बुधवारी सलोनीला खरोखर ताप आला. खोटं कशाला बोलू, थर्मामीटर बघताना अबोलीच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण थोडं समाधानही होतं. तिनं सलोनीला उचललं. सलोनीनं अंग ताठ केलं, दोन्ही हात शार्दूलकडे पसरले आणि "बाबा" म्हणून भोकाड पसरलं. दिवसभर ती त्याच्या छातीवर झोपून होती. अबोली पाण्याची पट्टी पिळून द्यायची, तो कपाळावर ठेवायचा. गुरुवारी सकाळी ताप उतरला. सलोनी दाराशी आली, माझ्यात पाय घालून दोन पावलं चालली आणि फतकल मारून बसली.

त्याच दिवशी यास्मिनचा व्हिडिओ आला. अबोली उंबऱ्यात बसून बघत होती, म्हणून मलाही दिसला. हिरव्या रानामागे काळा डोंगर, त्याच्या तोंडातून वर चढणारा राखेचा लोट. मग खोल, पोटातून आल्यासारखा आवाज. "अबोली, ऐक," एवढंच यास्मिन म्हणाली. पुढे तिचा श्वास आणि तो आवाज. अबोलीनं ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा फोन हातात तसाच राहिला.

त्या संध्याकाळी तिनं मला ओल्या फडक्यानं पुसलं, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, नाड्या गुंडाळल्या आणि खोक्यात ठेवलं.

"जपून ठेवते," ती शार्दूलला म्हणाली. "पुढच्या वर्षी."

खोका माळ्यावर गेला.

पुढच्या वर्षी सलोनीची प्लेग्रुपची तयारी होती. त्याच्या पुढच्या वर्षी अबोलीच्या आईचा मोतीबिंदू. मग शाळाप्रवेश. कारणं सगळी खरी होती. मी खोक्यात पडल्या पडल्या ऐकायचो, आणि खरं सांगतो, मला तिचा राग कधी आला नाही. पण आपल्या आत काहीतरी भुसभुशीत होतंय हे मला जाणवत होतं. आवाज द्यायची सोय नव्हती.

यंदा एप्रिलमध्ये यास्मिनचा फोन आला. ती आता चेन्नईला असते. "मेमध्ये पुन्हा चाललेय. येतेस?"

या वेळी अबोलीनं आधी शार्दूलला विचारलं. भाजी चिरता चिरता तो म्हणाला, "जा. आणि मला वाटीचं माप विचारू नकोस." ती "येते" म्हणाली. मग माळ्यावरून मला काढलं. चार वर्षांनी उजेड दिसला. वरून मी नव्यासारखाच होतो. तिनं नाड्या आवळल्या, करंगळी बरोबर तिच्या जागी गेली आणि आम्ही जिन्यानं निघालो. सलोनी मागून उड्या मारत.

चौथ्या मजल्यावर माझा तळ गेला. आधी टाचेशी चीर, मग काळा भुगा, आणि एका पायरीवर तळाचा अख्खा तुकडा मागेच राहिला. दोन पायऱ्यांनी डावाही तसाच.

"आई, तुझा बूट फुटला!" सलोनी खाली बसून भुगा गोळा करायला लागली.

काळेवाडी फाट्याला ज्योतीराम चांभाराची टपरी आहे. अबोली आम्हाला पिशवीत घालून तिथे आली. त्यानं मला उलटं केलं, अंगठ्यानं दाबलं. अंगठा आत गेला.

"किती वर्सं ठिवले, ताई?"

"चार. पण त्या चार वर्षांत वापरलेच नाहीत हो! खोक्यात जपून ठेवले होते."

"तीच तर गोची हाय. असला तळ चालत ऱ्हायला की टिकतो. कोंडून ठिवला की हवेतली वल धरतो अन् आतून पीठ हुतो. वापरले असते तर आजबी चालला असता तुमी."

"चिकटवता नाही येणार?"

"चिटकवीन. पण कशाला चिटकवू? धरायला काय उरलंच न्हाई."

अबोलीनं तिथेच उभ्यानं यास्मिनला फोन लावला.

"बूट गेले गं."

"मग नवे घे."

"तीन आठवडे राहिलेत. नवे पायाला रुळायच्या आत फोड येतील, मग डोंगरावर मी काय करणार? पुढच्या..." एवढं बोलून ती थांबली. फाट्यावरून एक बस गेली, मग दुसरी.

"नंतर करते फोन," अबोली म्हणाली.

"ठेवून घ्या," ती ज्योतीरामला म्हणाली. "कातडं चांगलंय. कुणाच्या तरी कामाला येईल." जाताना तिनं माझ्या करंगळीच्या फुगवट्यावरून एकदा बोट फिरवलं. मग रस्ता ओलांडला. तिथून एक वाट रहाटणीला, घराकडे जाते आणि दुसरी चिंचवडला, दुकानांकडे. ती कुठल्या बाजूला वळली ते मला दिसलं नाही, मध्ये टेम्पो उभा होता.

आता मी टपरीच्या खिळ्याला टांगलेला आहे. माझ्या जिभेचं ठिगळ परवा कुणाच्या तरी दप्तराला लागलं. बाकीचंही हळूहळू जाईल. मला वाईट त्याचं वाटत नाही. मला वाटायचं, झिजून संपावं.

अबोली, मी तुझ्यावर रागावलो नाही. तू मला जपलंस, ते प्रेमानंच. पण पुढची जोडी घेतलीस ना, तर दुकानातूनच पायात घालून घरी जा. खोका तिथंच ठेवून ये.